बांधावर तरी तणनाशक नको

संपादक महोदय,

ऑगस्टमध्ये कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. बचत गटाच्या बाया तरोटा, कुर्डू, घोळ, कर्टुली मांडून बसतात, लोक कौतुकानं फोटो काढतात. उपक्रम चांगलाच आहे. पण यातल्या बऱ्याच भाज्या आता आमच्या शिवारात हुडकत फिरावं लागतं, त्याबद्दल त्या मंडपात कुणी बोलत नाही.

मी औसा तालुक्यातली शेतकरी बाई. मृगाचा पाऊस पडला की बांधाला तरोटा उगवायचा. तो कोवळा असतानाच खुडायचा, निबर झाला की कडसर लागतो. कुर्डू तुरा यायच्या आत घ्यायची. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊनच घरी यायची. थंडीत ज्वारीच्या रानात पाथरी मिळायची. ती शिजवायचीसुद्धा नाही. धुऊन, मीठ लावून भाकरीबरोबर कच्चीच खायची. हे शिकवायला आम्हाला कोणी मास्तर नव्हता, सासूच्या मागं रानात गेलं की कळायचं.

आता जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. खुरपणीला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक. ही अडचण खरी आहे, आमच्याही रानात तेच चालतं, आणि पिकातली फवारणी बंद करा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं बांधापुरतं आहे. पंपात उरलेलं औषध जाता जाता बांधावर मारून पंप रिकामा करायची सवय सगळीकडं पडली आहे. त्यात तरोटा, घोळ, केना सगळंच जळतं. कर्टुलीचा तर कंद जमिनीत असतो, दर पावसाळ्यात त्यालाच नवा वेल फुटतो. जेसीबीनं बांध कोरला की कंदच जातो, मग पुढच्या वर्षी वेल येणार कुठून?

येळवसीला तर हे फार जाणवतं. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्या लातूर-धाराशिवकडं सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून त्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील, बाजरीच्या पिठाचे उंडे आणि भज्जीचा नैवेद्य दाखवायचा, मग रानभर आंबील शिंपडायची. भज्जीत त्या दिवसांत रानात जे असेल ते पडतं: तुरीचे सोले, हरभऱ्याचे घाटे, वालाच्या शेंगा, मेथी, चाकवत, पातीचा कांदा, वर चिंचेचा कोळ आणि बेसन. आता आदल्या दिवशी हे सामान बाजारातून किलोवर आणून मोटारसायकलवर रानात न्यावं लागतं. ज्या काळ्या आईला नैवेद्य दाखवायचा, तिच्या पोटचं त्यात काहीच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून विनंती. ग्रामसभेनं गावाचे पाणंद रस्ते, ओढ्याचे काठ आणि गायरान फवारणीतून वगळावं. शेतकऱ्यांनी निदान एका बांधाला पंप लावू नये, आणि तिथली थोडी कुर्डू, थोडा तरोटा न खुडता बी धरू द्यावं. सोयाबीनमध्ये तुरीच्या दोन ओळी टाकाव्यात, येळवसीला सोले घरचे होतील. आणि कृषी विभागानं महोत्सवात पाककृतीच्या पाटीशेजारी भाजी कोणत्या रानातली आहे आणि तिथं फवारणी झाली होती का, हेही लिहायला लावावं. फवारलेल्या बांधाची भाजी न कळत खुडून लेकरांच्या ताटात वाढली जाते, त्याची मला जास्त भीती वाटते.

– एक शेतकरी महिला, ता. औसा, जि. लातूर