तापमानाशेजारी भरतीची वेळही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळाभर आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर सोलापूरच्या कमाल तापमानाची चौकट येते. सकाळी पेपर हातात पडला की मी आधी तीच बघतो. त्या चौकटीखाली आणखी एक ओळ छापावी, कोकण किनाऱ्यावरच्या त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे. समुद्र आपल्यापासून कोसो दूर, मग सोलापूरच्या पेपरात त्याची वेळ कशाला, असं कुणालाही वाटेल. गेल्या आठवड्यापर्यंत मलाही तसंच वाटलं असतं.

मी एसटीचा निवृत्त चालक. ३१ वर्षं स्टेअरिंग धरलं, पण ते सगळं घाटावर. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, पुणे, विजापूर. रस्त्याच्या कडेला ‘गुहागर–विजापूर’ असं नाव वाचायचो, त्यातलं विजापूरचं टोक आपलं शेजारचं, रोजचं. दुसरं टोक समुद्रात जातं एवढंच ऐकून होतो. माझी धाकटी लेक दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आपल्याकडची किती तरी पोरं-पोरी तिकडच्या शाळांवर आहेत, ज्यांच्या घरातलं कुणी आहे त्यांना हे सांगायला नको. दर मे महिन्यात ती इकडे यायची. यंदा जावयांना सुट्टी नव्हती, म्हणून आम्हीच गेलो. मी, ही, मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू.

लेकीनं बेत आखला तो एका दिवसाचा. पहाटे दापोलीहून निघायचं, दाभोळला फेरीबोटीत गाडी घालून खाडीपलीकडे धोपाव्याला उतरायचं, गुहागर तालुक्यात एखाद्या निवांत किनाऱ्यावर दुपार काढायची आणि दिवे लागायच्या आत परत. रस्त्यानं जायचं तर चिपळूणला मोठा वळसा पडतो. बोटीनं वाशिष्ठीची खाडी ओलांडायला मोजकी मिनिटं.

त्या बोटीविषयी मला लिहिलंच पाहिजे, कारण ती मी चालकाच्या नजरेनं पाहिली. धक्का म्हणजे पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार. बोट त्याला तोंड लावते, पुढची लोखंडी फळी साखळीवर खाली येते आणि गाड्या एकामागून एक आत. खलाशी हात हलवून ‘येऊ द्या, येऊ द्या, बस्स’ करत होता. आमचे कंडक्टर डेपोत गाडी मागे घेताना करायचे, अगदी तसाच. सकाळी आठच्या सुमाराला आम्ही आलो तेव्हा तो उतार बराच उघडा होता, खालचा भाग हिरवा, शेवाळलेला. मुलानं गाडी पहिल्या गिअरमध्ये जपून खाली नेली. उतार एवढा उघडा का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

आत गेल्यावर मी आधी लाइफ जॅकेटं कुठे आहेत ते पाहून घेतलं. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ते बघावंच लागतं. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून पलीकडे इंदापूर तालुक्यात कळाशीला निघालेली बोट उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जणांचा जीव गेला, त्यात लहान लेकरंही होती. ती बातमी वाचल्यापासून मी कुठल्याही बोटीत सहज पाय ठेवू शकत नाही. इथं जॅकेटं होती, समोर होती. बोट मधोमध आल्यावर हिनं पंढरपूरच्या पुलावरून भीमेत टाकते तसं एक नाणं खाडीत टाकलं आणि हात जोडले.

किनाऱ्याचं नाव मी देत नाही. तिथल्या माणसांनी आमच्यावर उपकार केले आहेत आणि ती जागा आहे तशी राहावी असं मनापासून वाटतं. सुरूचं बन, त्यापुढे वाळू, आणि मैलभर माणूस नाही. सोलापुरात त्या दिवशी पारा चाळिशीच्या पुढे होता असं शेजाऱ्यांनी फोनवर सांगितलं. इथंही ऊन होतंच, पण वाऱ्यामुळे सोसवत होतं. वाळूच्या एका टोकाला डोंगराकडून आलेला वहाळ समुद्राला मिळत होता. पाणी घोटाभर, खाली वाळू दिसणारं. साडेनऊ-पावणेदहाला आम्ही तो चालत ओलांडला, कारण पलीकडची सावली जास्त दाट होती. तिथं आपली सोलापुरी चादर अंथरली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. पोटभर जेवलो, नातवानं वाळूत सिद्धेश्वराचं देऊळ बांधलं आणि भोवती तळं खणलं. त्या तळ्यात आपोआप पाणी भरायला लागलं म्हणून तो खूष झाला. मी पडल्या पडल्या बघत होतो. समोरचा समुद्र थोडा जवळ आल्यासारखा वाटला, पण एवढ्या मोठ्या वाळूवर तो कितीसा येणार? मग डोळा लागला.

सव्वाच्या सुमाराला आवराआवर करून निघालो. वहाळ तोच होता, पण रुंदी दुप्पट झाली होती आणि तळ दिसत नव्हता. नातू पुढे धावला, सकाळी गेला होता तसाच. चौथ्या पावलाला त्याच्या पायाखालची वाळू सरकली आणि तो छातीपर्यंत आत गेला. मुलगा मागेच होता, त्यानं दंड धरून ओढलं, तरी दोघंही दोन-तीन हात वाहत गेले. पोराच्या पायातली एक चप्पल सुटली. ती चप्पल मला अजून दिसते. निळ्या पट्ट्यांची, उताणी तरंगत निघाली, आणि समुद्राकडे न जाता उलटी आत, डोंगराच्या दिशेनं, पळत गेली. भीमा घ्या, सीना घ्या, आपण जन्मभर पाणी एका दिशेला वाहताना बघितलेलं. वरच्या अंगाला वाहणारं पाणी मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही माझा नातू त्यात असताना.

‘जाव नुको! पानी भरतंय!’ अशी हाक आली. खडकांवर कालवं काढणारी एक म्हातारी कोयती आणि डबा घेऊन परत चालली होती. मुलगा पोराला घेऊन आमच्याच काठाला लागला होता आणि पुन्हा उतरायच्या बेतात होता, कारण गाडी समोरच दिसत होती, पाणीही जेमतेम कमरेएवढं वाटत होतं. म्हातारीनं त्याला सरळ अडवलं. म्हणाली, अजून दोन-अडीच तास चढणार, आता इथून पाऊल टाकायचं नाही. मग आम्हाला बनातून, कुणाच्या तरी माडाच्या वाडीतून, वर साकवापर्यंत, म्हणजे वहाळावरच्या छोट्या पुलापर्यंत, घेऊन गेली. अर्धा तास आमच्याबरोबर चालली. वाटेत हिनं तिला पैसे द्यायला पर्स उघडली, तर तिनं हिचा हात धरून पर्स बंद केली आणि पोराच्या अनवाणी पायाला चटके बसतात म्हणून त्याला गवताच्या कडेनं चालवलं. त्या आजीचं नाव विचारायचं राहून गेलं, याची मला रुखरुख आहे.

संध्याकाळी परतीच्या बोटीत मी खलाशाला घडलेलं सांगितलं. धक्क्याचा सकाळचा शेवाळलेला उतार आता पाण्याखाली होता आणि गाडी जवळजवळ सपाटीवरून आत गेली. तो म्हणाला, ‘काका, आज तिथी कुठली?’ मला ठाऊक नव्हती. ही म्हणाली, काल संकष्टी होती, म्हणजे आज पंचमी. तो म्हणाला, ‘मग पाचाची पाऊणपट करा. पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. तुम्ही सुकतीला पलीकडे गेलात आणि भरतीत परत आलात.’

तिकडच्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ आहे. पंधरवडा शुद्ध असो वा वद्य, तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढी मागे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढ-उतार कमी. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, ती मी लिहून घेतली: पाणी सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासाला कळतही नाही, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला धावतं. आम्ही जेवून झोपलो होतो तो नेमका तिसरा-चौथा तास. अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, खाडीत आत गेलं की आणखी उशीर होतो, म्हणून नेमकी वेळ स्थानिकांना विचारायचीच, हेही त्यानं बजावलं.

मला रात्रभर एकच गोष्ट डाचत राहिली. आदल्या रात्री लेकीच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघून हिनं संकष्टीचा उपवास सोडला होता. मीच ती वेळ वाचून दाखवली होती. तेच कॅलेंडर सोलापुरात आमच्या स्वयंपाकघरात आहे, घरोघरी आहे. दुसऱ्या दिवशीचं समुद्राचं वेळापत्रक त्याच पानावर, पुढच्याच चौकटीत होतं, आणि आम्हाला कुणी ते वाचायला शिकवलं नव्हतं. गाडी सुटायची वेळ चुकली तर प्रवासी पुढच्या गाडीची वाट बघतो. इथं वेळ चुकली असती तर माझ्या लेकरानं काय करायचं होतं?

म्हणून ही विनंती. मुंबईची वर्तमानपत्रं पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा आवर्जून छापतात, कारण तिथं शहरात पाणी तुंबतं. आपल्याकडे पाणी तुंबणार नाही, पण मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत इथून गाड्या भरभरून माणसं दापोली, गुहागर, गणपतीपुळे, हरिहरेश्वरला जातात. किनाऱ्यावरची पोरं लहानपणापासून भरती-ओहोटी ओळखतात. खरी गरज घाटावरच्या माणसाला आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे देतं. माहिती तयार आहे, ती सोलापूरच्या माणसाच्या हातात सकाळच्या चहाबरोबर पडायला हवी. निदान शनिवार-रविवारच्या अंकात तरी.

किनाऱ्यांवर आणि धक्क्यांवर रोजच्या भरतीची वेळ खडूनं लिहायचा साधा फळा असावा, असं तिकडच्या ग्रामपंचायतींनाही या पत्रातून सांगावंसं वाटतं. आमच्या वहाळाच्या काठी तसं काही नव्हतं. एसटीच्या प्रत्येक स्थानकावर गाड्यांच्या वेळांचा फलक असतो, तेवढाच हा. आणि आपल्याकडून जाणाऱ्यांत तेलुगू आणि कन्नड बोलणारी कुटुंबं खूप असतात, तेव्हा वेळेच्या आकड्याशेजारी पाणी चढल्याचं आणि उतरल्याचं चित्र काढलं तर वाचता न येणाऱ्यालाही कळेल.

आमच्या गल्लीतली दोन कुटुंबं येत्या शनिवारी रात्री कोकणात निघाली आहेत. रविवारी द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास भरती आणि दुपारी तीनला ओहोटी. उतरतं पाणी वहाळाच्या आणि खाडीच्या तोंडाशी समुद्राकडे ओढतं, तेव्हा पोरांना तिथं उतरू देऊ नका, हे मी काल त्यांच्या घरी जाऊन सांगून आलो. वेळा एका चिठ्ठीवर लिहून ती त्यांच्या गाडीच्या काचेला आतून चिकटवली आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
सोलापूर