तिची वाटी आधी, मीठ मग

चि. अमेय,

अनेक आशीर्वाद.

मीरा सव्वा वर्षाची झाली, आता आपल्यातलंच जेवण तिला द्यायचं तर मीठ-मसाल्याचं काय करू, असं तू विचारलंस. फोनवर सांगितलेलं तुझ्या लक्षात राहत नाही, म्हणून लिहून पाठवते. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नकोस. चार दिवसांत कंटाळशील आणि पाकिटांकडे वळशील. स्वयंपाक एकच ठेव, क्रम तेवढा बदल. मीठ आणि तिखट शेवटी घालायचं, आणि त्याआधी तिची वाटी बाहेर काढायची.

आकडे एकदा नीट बघून घे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने मुलांसाठी मर्यादा दिली आहे ती अशी: वर्षाच्या आत १ ग्रॅमपेक्षा कमी, आणि १ ते ३ वर्षांपर्यंत २ ग्रॅम. हे २ ग्रॅम म्हणजे नुसतं वरून घातलेलं मीठ नव्हे, दिवसभरात पोटात जाणारं सगळं. ४०० मिली दूध प्यायली तर त्यातल्या नैसर्गिक सोडियमनेच जवळजवळ अर्धा ग्रॅम मीठ झालं. पाव, बिस्किट, भाज्या, डाळी यांचं थोडं थोडं धरलंस तर तुझ्या हातात उरतं ग्रॅमभर. तेही घातलंच पाहिजे असं नाही. तिची सोडियमची गरज दूध आणि अन्नातून भागते.

आता ग्रॅमभर म्हणजे किती? ५ मिलीच्या सपाट चमच्यात बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम मावतं. चिमटीचा भरवसा नाही. तुझी चिमूट आणि ऋताची चिमूट यांत दुपटीचा फरक पडू शकतो. घरातल्या वजनकाट्यावर एक चिमूट दिसणारच नाही, म्हणून वीस चिमटी एका वाटीत टाक, वजन कर आणि विसाने भाग. याहून सोपं म्हणजे मिठाचं पाणी. उकळून गार केलेल्या ६० मिली पाण्यात सपाट अर्धा चमचा, म्हणजे ३ ग्रॅम, मीठ विरघळव. औषधाबरोबर येतो त्या ५ मिलीच्या चमच्याने हे पाणी घातलंस की दर चमच्याला बरोबर पाव ग्रॅम. दिवसाला तीन, फार तर चार चमचे. शिवाय पाणी अन्नात सारखं मिसळतं. मऊ भातावर कोरडं मीठ भुरभुरवलं की एक घास खारट, पुढचा अळणी. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिही, फ्रिजमध्ये वरच्या फळीवर ठेव आणि आठवड्याने नवीन कर.

वरणापासून सुरुवात कर. वाटीभर तूरडाळ हळद-हिंग घालून कुकरला लाव, घोट, पाणी घालून उकळी आण आणि तिथेच तिची वाटी काढ. वर अर्धा चमचा तूप. मग तुमच्यासाठी मीठ, गूळ, काय हवं ते. चौघांच्या वरणात चमचाभर मीठ पडलं तर एका डावात साधारण अर्धा ग्रॅम जातं. तेच वरण तिला दोन्ही वेळा दिलंस की दिवसाचा हिशेब वरणातच संपला.

आमटी आणि उसळीला अडचण मिठाची नसते, तिखटाची असते. मिरचीचा तिखटपणा तेलात उतरतो आणि तेल पातेलंभर पसरतं, त्यामुळे नंतर पाणी वाढवून काही होत नाही. पहिल्या फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता एवढंच घाल. उसळ शिजली की तिची वाटी काढ, उरलेल्यात मीठ घाल आणि छोट्या कढल्यात लाल तिखटाची फोडणी करून वरून ओत. तेल तापल्यावर गॅस बंद करून दहा-पंधरा सेकंद थांब, मग तिखट टाक. नाहीतर ते करपून कडू होतं. चुकून तिखट झालेलं असेल तर दही किंवा तूप कालव, त्याने जीभ शांत होते. कढीपत्ता, दालचिनीचा तुकडा, लवंग तिच्या वाटीत राहिली नाही ना, तेवढं बघ.

पालेभाजी शिजून आक्रसते. कच्च्या ढिगाकडे बघून मीठ घातलं की हमखास खारट होते, तेव्हा तुमच्यासाठीसुद्धा मीठ नंतरच घाल. कणकेत मीठ घालायचं सोडून दे. अर्धा चमचा घातलं तर दहा पोळ्यांत प्रत्येकी ०.३ ग्रॅम जातं आणि भाजीबरोबर खाताना ते कोणाला कळतही नाही. इडलीचं पीठ फुगून आल्यावर मीठ घालायचं, म्हणजे तिच्या दोन इडल्यांचं पीठ आधी काढता येतं. उपम्याचं मात्र असं जमत नाही, कारण मीठ आधणातच पडतं. भाजलेल्या रव्यातला दोन मोठे चमचे बाजूला ठेव आणि पाऊण वाटी बिनमिठाच्या पाण्यात वेगळा शिजव, पाच मिनिटांचं काम आहे.

खरी गडबड मीठ न घालताही होते. चीजच्या एका क्यूबमध्ये सहज अर्ध्या ग्रॅम मिठाइतकं सोडियम असतं, पावाच्या एका स्लाइसमध्ये पाव ग्रॅम किंवा थोडं जास्त. झटपट नूडल्सच्या एका पाकिटात दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिचा अख्खा दिवस. पापड, फरसाण, लोणच्याचा खार हे तर कळतंच. पण आगळात भरपूर मीठ असतं, बाजारच्या आमसुलांना आणि चिंचेलाही लावलेलं असतं. आमसूल धुऊन घे. कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतं, चाट मसाल्यात असतं, विकतच्या मेतकुटात असू शकतं. ढोकळ्याचा सोडा खारट लागत नसला तरी सोडियमच आहे. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा मिळतो.

मसाल्यांना घाबरू नकोस. हळद, हिंग, जिरं, धने, ओवा, सुंठ, चिमूटभर मिरपूड हे सगळं तिला चालतं. घरच्या गोड्या मसाल्यात मीठ नसतं, तिच्या वाटीला पाव चमच्याहून कमी पुरे. जायफळ सहाणेवर एक-दोन वेढे, त्याहून जास्त नाही. झोप यावी म्हणून तर मुळीच नाही, जास्त प्रमाणात ते विषारी आहे. सुटी, डोळ्यांत भरणारी पिवळीधमक हळद घेऊ नकोस. रंगासाठी तिच्यात शिशाचा क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं झालेली आहेत आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या घरी हे माहीत असावं लागतं. शेंगदाणे कुटूनच, अख्खे दाणे आणि फुटाणे पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका, घशात अडकतात.

तिचं जेवण चाखून तू म्हणशील, हे अगदीच अळणी आहे. तुझ्या जिभेने तिची वाटी पारखू नकोस. तिला खारट चवीची सवय अजून लागायची आहे, आणि ती जितकी उशिरा लागेल तितकी बरी. तिने तोंड फिरवलं तर मिठाकडे जाण्याआधी आंबट आणि स्निग्ध काही आहे का ते बघ. लिंबाचे चार थेंब, चमचाभर दही, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लालसर परतलेला कांदा, तुपात परतलेला लसूण, ओलं खोबरं, यातलं एक घातलं तरी भाताची चव बदलते. नवी भाजी आठ-दहा वेळा पुढे आल्यावर मुलं खायला लागतात, दोनदा नाकारली म्हणून सोडू नकोस. साखर-गुळाने गोड करून भरवणं दोन वर्षांपर्यंत टाळ.

सैंधव नैसर्गिक म्हणून आणलंस असं ऋता म्हणाली. सोडियम त्यातही जवळपास तेवढंच आणि बहुतेक वेळा आयोडीन मात्र नाही. इतकं कमी मीठ खाणाऱ्या मुलीला ते तरी आयोडीनयुक्तच हवं. बरणी घट्ट झाकणाची घे आणि शेगडीपासून लांब ठेव. शेवटी मीठ घालण्याचा हाही फायदा, शिजताना आयोडीन कमी उडतं. कमी सोडियमचं म्हणून मिळतं त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला नको.

जुलाब लागले तर अन्नात मीठ वाढवायचं नाही, अंदाजाने मीठ-साखरेचं पाणीही करायचं नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामं करायचं, अर्धं पाकीट अर्ध्या पाण्यात असले प्रयोग नकोत, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. तिने काही भलतंच गिळलं तर ओकायला मिठाचं पाणी कधीही पाजू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. सरळ दवाखाना गाठा.

गोडा मसाला आणि बिनमिठाचं मेतकूट पुढच्या आठवड्यात पाठवते. मेतकूट कोरड्या चमच्यानेच काढ, ओल लागली की गुठळ्या होतात.

तुझी,
आई