उड्डाणाच्या बातमीत कार्बनचाही आकडा द्या

महोदय,

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी जयताळ्याला आमच्या गच्चीवर उभे राहिले की आकाशात पांढऱ्या रेघांची फुली दिसते. एक रेघ दिल्ली-चेन्नईच्या दिशेची, दुसरी मुंबई-कोलकात्याची. ही विमाने नागपुरात उतरत नाहीत, नुसती डोक्यावरून जातात. मध्यावरचे गाव म्हणून हे भाग्य आपल्याला जुनेच आहे. 1949 साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा चारही महानगरांची विमाने मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, जमायची आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. तेव्हा विमानांचे कौतुक आम्हालाही आहे. आपल्या दैनिकात नव्या उड्डाणाची बातमी आली की मीही आधी वेळ आणि भाडे बघतो.

पण त्या बातमीत प्रवासी किती वाढले, फेऱ्या किती वाढल्या हे सगळे असते, जळालेल्या इंधनाचे काही नसते. मुंबईला जाणारे 180 आसनांचे विमान एका खेपेत ढोबळमानाने तीन-साडेतीन टन एटीएफ, म्हणजे विमानाचे इंधन, जाळते. एक किलो इंधनामागे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका खेपेला दहा टन. विमान भरलेले धरले तरी माणशी 55-60 किलो पडतात. चढताना इंधन सर्वाधिक लागते, त्यामुळे अंतर जितके कमी तितका दर किलोमीटरचा हिशेब महाग.

इंजिने सुधारली हे खरे. नव्या विमानांना जुन्यांपेक्षा 15 ते 20 टक्के इंधन कमी लागते. पण देशांतर्गत प्रवासी 2014 मध्ये पावणेसात कोटींच्या घरात होते, ते 2024 मध्ये 16 कोटींवर गेले. विमानतळ 74 होते, आता दीडशेच्या वर आहेत. खेपेमागे वाचलेले वाढलेल्या खेपांनी कधीच खाऊन टाकले.

शेजारचा मुलगा म्हणाला, "काय काका, कोराडीच्या चिमण्यांसमोर विमानाचं काय घेऊन बसले?" कोराडीला कोळशावरचे वीजकेंद्र आहे, तेव्हा त्याचे चूक नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपासच आहे. गच्चीवरून दिसणाऱ्या त्या रेघा, म्हणजे इंजिनातून निघालेल्या वाफेचे गोठलेले कण, हेही उष्णता अडवतात. ते आणि इतर परिणाम धरले तर तापमानवाढीतला वाटा साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो. पण कोराडीवर निदान जनसुनावणी होते, मोर्चे निघतात, आपणही अग्रलेख लिहिता. विमानाच्या धुराबद्दल नागपुरात मी कुणाला बोलताना ऐकलेले नाही.

आणि नियमही आपल्यापर्यंत पोचत नाहीत. कार्बन भरपाईची 'कॉर्सिया' योजना भारताला 2027 पासून लागू होईल, ती आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी. टाकाऊ तेल, शेतीचा कचरा अशांपासून केलेल्या शाश्वत इंधनाच्या मिश्रणाचे लक्ष्य 2027 मध्ये 1 टक्का, 2028 मध्ये 2 आणि 2030 मध्ये 5 टक्के, तेही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठीच. नागपूरची बहुतेक विमाने मुंबई, दिल्ली, पुणे, बंगळुरूची. ती दोन्हींतून सुटतात. मग एखाद्या विमानतळाच्या छतावर सौर पट्ट्या बसतात आणि 'हरित विमानतळ' असा मथळा येतो. तो हिशेब दिव्यांचा आणि एसीचा असतो, पंखांतल्या टाकीत भरलेल्या इंधनाचा नव्हे.

विमाने बंद करा असे मी म्हणत नाही. मुलगी पुण्याला असते, मीही विमानानेच जातो. अजनी-पुणे वंदे भारत 2025 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली तेव्हा आनंद झाला होता, पण ती दिवसाची. या वयात बारा तास खुर्चीत बसून पाय सुजतात. हीच गाडी झोपायच्या डब्यांची करून रात्री सोडली तर माझ्यासारखे कितीतरी जण सोनेगावची वाट सोडतील. वीज कोळशाची धरली तरी रेल्वेचा माणशी कार्बन विमानापेक्षा खूपच कमी.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या वेळी नव्या फेरीची बातमी छापाल तेव्हा भाड्याखाली एक ओळ माणशी किती किलो याचीही द्या. तिकीट काढताना काही संकेतस्थळे तो आकडा दाखवतातच, म्हणजे मिळवायला अवघड नाही. माझ्या दिवाळीच्या पुणे वारीचा मी काढून ठेवला आहे. जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलो.

— एक ज्येष्ठ वाचक, जयताळा, नागपूर