सासर, माहेर आणि सहावे कूळ

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

सोमालियातील स्त्रियांच्या राजकीय सहभागावरील लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. विषय मोलाचा असूनही ‘परंपरेमुळे तेथील स्त्रिया मागे राहिल्या’ एवढ्यावरच लेखकाने तो आटोपता घेतला, याची खंत वाटली. कोणती परंपरा आणि ती नेमकी कोठे आडवी येते, हे कळल्याशिवाय वाचकाच्या हाती काही लागत नाही. म्हणून हे पत्र.

सोमाली समाजात माणसाचे कूळ वडिलांकडून ठरते. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेली तरी ती वडिलांचेच नाव लावते आणि त्यांच्याच कुळाची मानली जाते. तिची मुले मात्र पतीच्या कुळाची होतात. त्यामुळे दोन कुळांत वैर पेटले की एकीकडे तिचे भाऊ आणि दुसरीकडे तिचे मुलगे, अशी तिची अवस्था होते. दोन्हीकडे नाते असल्याने समेटाचा पहिला निरोप पोहोचविण्याचे कामही अनेकदा तिच्याकडे येते, आणि १९९१ मध्ये सरकार कोसळल्यानंतरच्या यादवीत कित्येक स्त्रियांनी ते जीव धोक्यात घालून केले. खुनाचे वैर मिटविण्यासाठी एका कुळातील मुलगी दुसऱ्या कुळात देण्याची रीतही तेथे होती. पण समेटाच्या अटी ज्या बैठकीत ठरत, ती पुरुषांची असे. रूढ कायद्यात पुरुषाच्या खुनाची भरपाई शंभर उंट आणि स्त्रीच्या खुनाची पन्नास, हा हिशेबही तेथलाच.

स्त्रिया गप्प होत्या असे मात्र कोणी समजू नये. ‘बुरांबुर’ हा खास स्त्रियांचा काव्यप्रकार लग्नघरात जसा ऐकू येतो, तसाच तो स्वातंत्र्याच्या चळवळीतही ऐकू आला. त्याच चळवळीत १९४८ मध्ये राजधानी मोगादिशूच्या रस्त्यावर प्राण गमावलेल्या हावो ताको या स्त्रीचे स्मारक त्या शहरात आहे. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत बाईने जे सांगितले ते गावच्या पंचांपुढे कधी मांडले गेले नाही, तसेच काहीसे तेथेही घडले असावे, असे मला वाटते.

खरी अडचण जागावाटपाची आहे. २००० साली शेजारच्या जिबूती देशातील आर्ता येथे सोमालियासाठी शांतता परिषद भरली, तेव्हा सभागृहाच्या जागांत चार मोठ्या कुळांना प्रत्येकी एक समान वाटा आणि उरलेल्या लहान समूहांना मिळून त्याच्या निम्मा वाटा, असे सूत्र ठरले. विवाहित स्त्रीला उमेदवारी देताना माहेरचे कूळ म्हणे, ही तर सासरची झाली. सासरचे कूळ म्हणे, ही परक्यांची मुलगी. शांततेसाठी झटणाऱ्या सोमाली कार्यकर्त्या आशा हाजी एल्मी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी यावर काढलेला मार्ग मला विलक्षण वाटतो. चार मोठी आणि लहान समूहांचे मिळून एक, अशी तुमची पाच कुळे आहेत ना, मग आम्ही स्त्रिया हे सहावे कूळ, असे त्यांनी जाहीर केले. कुळाची चौकट मोडायची तर कित्येक वर्षे गेली असती. त्यांनी त्या चौकटीच्याच भाषेत आपला वाटा मागितला आणि २४५ जणांच्या संक्रमणकालीन सभागृहात स्त्रियांसाठी २५ जागा मिळविल्या.

पुढचा प्रवास सरळ झाला नाही. संसदेत २०१२ मध्ये सुमारे १४ टक्के स्त्रिया होत्या, २०१६ च्या निवडणुकीनंतर त्या २४ टक्क्यांवर गेल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा २० टक्क्यांच्या आसपास आल्या. ३० टक्क्यांचे आश्वासन नेत्यांनी दिले होते. पण उमेदवार ठरविताना शब्द चालतो तो कुळातील वडीलधाऱ्यांचा, आणि ज्या कुळाच्या वाट्याला एकच जागा येते ते ती स्त्रीला देऊन ‘गमावण्यास’ तयार होत नाही. सोमालियापासून वेगळे झाल्याचे जाहीर केलेल्या सोमालीलँडमध्ये २०२१ साली मतदारांनी थेट मतदान केले, तरी ८२ जणांच्या सभागृहात एकही स्त्री निवडून आली नाही.

इंदूरच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. अहिल्याबाई चौंडीच्या लेक आणि होळकरांच्या सून. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालविले. सुमित्राताई महाजन चिपळूणच्या. सासरच्या या शहराने त्यांना आठ वेळा लोकसभेत पाठविले. एवढा वारसा असलेल्या गावात, तीसेक वर्षांपूर्वी, आमच्याच समाजाच्या एका संस्थेत कार्यकारिणीसाठी माझे नाव सुचविले गेले, तेव्हा ‘त्या तर ग्वाल्हेरच्या’ असे म्हणून विषय संपविण्यात आला. योगायोग असा की त्याच सुट्टीत मी ग्वाल्हेरला गेले असता तेथील मंडळाच्या वर्गणीच्या यादीतून माझे नाव ‘आता इंदूरला दिली’ म्हणून खोडलेले दिसले. शाईची ती आडवी रेघ अजून डोळ्यांसमोर आहे.

आज पालिकेत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही गेल्या वर्षी आमच्या गल्लीतील नळाच्या तक्रारीसाठी आम्ही आठ-दहा बायका गेलो, तेव्हा पार्षदबाई, म्हणजे नगरसेविका, खुर्चीत बसून होत्या, आमचा अर्ज त्यांच्या यजमानांनी हातात घेतला आणि उत्तरही त्यांनीच दिले. आरक्षणाने खुर्ची मिळाली, पण उमेदवार निवडणारे हात बदलले नाहीत, आणि हेच मोगादिशूतही झाले आहे.

म्हणून दोन विनंत्या आहेत. आशा हाजी एल्मी यांच्या कार्यावर आपण स्वतंत्र लेख द्यावा. आणि येथील मराठी संस्थांनी पुढील निवडणुकीत महिला प्रतिनिधींची नावे कार्यकारिणीने न ठरविता महिला सभासदांच्या वेगळ्या सभेतून मागवावीत, ही सूचना आपल्या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. तशी सभा कोणी बोलावल्यास नावे लिहून घेण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
रामबाग, इंदूर