दिवेआगरच्या वाटेवर भेटलेल्यांचे आभार

लेक, जावई आणि नातवंडं सुट्टीला आली. यंदा त्यांचा पाहुणचार कोथरूडच्या फ्लॅटमध्ये न करता आम्ही दोघांनी थेट दिवेआगरला केला.

ताम्हिणी घाटात चाक पंक्चर, स्टेपनीतही हवा नाही. दुधाच्या टेम्पोतली दोन पोरं थांबली, चाक माणगावला नेलं, पंक्चर काढून आणून बसवूनही दिलं. पैसे पुढे केले तर म्हणाली, "राहू द्या आजोबा, नातवंडांना शहाळी पाजा." आणि नाव न सांगताच निघाली.

खानावळीतल्या काकूंचे आभार तर मानावेत तेवढे थोडेच. धाकटीला तिखट सोसत नाही म्हणून तिची सोलकढी बिनमिरचीची. मोदकाच्या कळ्या कशा पाडायच्या तेही शेजारी बसवून शिकवलं. तिचा मोदक फुटला, सारण बाहेर आलं, तरी तो इतरांबरोबरच केळीच्या पानावर उकडायला ठेवला. खाताना तिला तोच हवा होता!

भरती लागल्यावर मुलांना पाण्याबाहेर काढायला लावणारे घोडागाडीवाले दादा, जावई जरा वैतागला खरा, पण बरोबर तुमचंच होतं.

यांच्यापैकी कुणी वाचत असाल तर पुण्यात आल्यावर जेवायलाच या. हिने आधीच ठरवून ठेवलंय, पुरणपोळीचा बेत.