शहापूरच्या काका-मावशींना, मातीच्या भिंतीसाठी थँक यू

काका, मावशी, नमस्कार,

तुमच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर हे पाठवतेच आहे, पण इथे सगळ्यांसमोर पण लिहितेय, कारण परवा ऐरोलीत एकीने विचारलं की कॉबचं, म्हणजे चिकणमाती, वाळू आणि पेंढा तुडवून रचलेल्या भिंतींचं बांधकाम कुठल्या कोर्सला शिकलीस. म्हटलं कोर्स कसला, कसारा लोकलने आसनगावला उतरायचं, पुढे रिक्षा, आणि जिथे दोघं नवरा-बायको पुतण्याची खोली बांधतायत तिथे बाजूला उभं राहून बघायचं.

असं उभं राहू दिलंत त्याचेच आभार आहेत. कामाच्या वेळी कुणी डोक्याशी येऊन बघत बसलं की किती वैताग येतो ते मला ऑफिसमुळे माहितीये, पण तुम्ही एकदाही तोंड वाकडं केलं नाही, उलट मावशी तुम्ही जेवायलाच बसवलंत.

व्हिडिओ मी भरपूर बघितले होते. चिकणमाती एक भाग तर वाळू दोन-तीन भाग, असं सांगतात त्यात, आणि ढोबळमानाने ते बरोबरच आहे, पण माती तर शेताशेताला बदलते. मी हुशारी करून बाटलीत माती-पाणी हलवून ठेवलं, रेती लगेच तळाला बसली, चिकणमाती मात्र कितीतरी वेळ गढूळच, आणि तोवर काका तुम्ही ओली माती बोटांत चोळून, हात धुताना किती चिकटते ते बघून सांगून मोकळे झालात की वाळू अजून लागेल, नाहीतर वाळताना तडे जाणार. बाटलीने नंतर तेच सांगितलं!

मग ताडपत्रीवर तुडवणं. मावशी, "मोबाईल ठेव आणि पाय घाल" हे तुमचं वाक्य मी विसरणार नाही. टाचेने दाबायचं, ताडपत्रीचं टोक ओढून गोळा उलटा करायचा, परत तुडवायचं, आणि भाताचा पेंढा शेवटी थोडा थोडा टाकत जायचा म्हणजे तो सगळीकडे सारखा जातो. छातीच्या उंचीवरून गोळा टाकला की थोडा चपटा व्हावा पण फुटू नये आणि शेणासारखा पसरू पण नये. हे वाचून होतं माहीत, पण माती तुडवून तयार झाली हे आता पायालाच कळतं तुमच्यामुळे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे थांबणं. शनिवार-रविवारची वर्कशॉप्स वाईट नसतात, पण त्यात भिंत वाळताना कोण बघणार? तुम्ही दीडेक फूट थर चढवला की काम बंद, कारण ओल्यावर अजून वजन टाकलं तर भिंतीचं पोट सुटतं. वर काठीने भोकं पाडून ठेवायची, पुढचा थर लावताना पाणी शिंपडायचं म्हणजे जोड धरतो, आणि थर अर्धवट घट्ट असतानाच ओळंबा (भिंत सरळ आहे का बघायची वजन बांधलेली दोरी) लावून बाहेर आलेलं तासून टाकायचं. पूर्ण वाळल्यावर तासणं म्हणजे हाताची वाट. हे सगळं मी तुमच्या ओट्यावर चहा पीत पीत शिकले, चहाचं कोणी बिल लावलं नाही ही वेगळी गोष्ट 😄

मी विचारलेला सगळ्यात बावळट प्रश्न, की आपल्या पावसात हे टिकणार कसं, त्यावर काका तुम्ही काहीच न बोलता काळ्या दगडाचं गुडघाभर जोतं दाखवलंत, मग वर पागोळ्या भिंतीपासून किती लांब पडतील ते दाखवलंत. इंग्लंडच्या डेवनमध्येही पावसाच्या प्रदेशात अशीच शेकडो वर्षं जुनी मातीची घरं आहेत, लोक राहतात त्यात. पण सिमेंटचा गिलावा लावू नको, ओल आत अडकते, चुना नाहीतर मातीच लाव, हे तुम्ही मला इतक्या वेळा बजावलंत की मी आता सोसायटीतल्या लोकांना पण सांगत सुटलेय.

तर मुरबाडला मामाच्या वाडीत एक छोटी खोली काढतोय, दिवाळीनंतर सुरू करायची म्हणजे जूनच्या आत छप्पर चढलेलं असेल. पेंढा तुमच्याकडचाच घेणार, झोडणी झाली की कळवा, टेम्पोचं मी बघते. आणि पहिल्या थराला तुम्ही दोघं यायचंच, या वेळी तुम्ही बसून बघा आणि चुकलं की ओरडा.

तुमची,
ऐरोलीची पोरगी