ब्रिटनमध्ये सेवाकार्य करू इच्छिणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबरच्या प्रवेशासाठी ब्रिटनला निघणाऱ्या मुलांना वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून व्हिसा, घरभाडे, बँक खाते यांची बरीच माहिती मिळते. तिथे गेल्यावर फूड बँकेत (गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या केंद्रात), चॅरिटीच्या म्हणजे धर्मादाय संस्थेच्या दुकानात किंवा वृद्धांच्या केंद्रात मदत करायची असेल, तर काय पाहावे हे मात्र कुठे छापून येत नाही. इच्छा असलेली माणसे पुष्कळ आहेत आणि अशा संस्थांना माणसे हवीही असतात. म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठा धोका व्हिसाचा आहे. स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा त्यापुढचे शिक्षण घेणाऱ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला 20 तास काम करता येते आणि आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. पगार नाही म्हणजे तास मोजले जात नाहीत, ही समजूत चुकीची आहे. ठरलेल्या वेळी येणे आणि ठरलेले काम करणे करारानेच बंधनकारक असेल, तर ते विनावेतन कामही 20 तासांत धरले जाते. कॅफेत 16 तास आणि चॅरिटीकडे अशा कराराने 6 तास काम केले की 22 तास होतात आणि व्हिसाची अट मोडते. करार नसलेली, पगारी माणसाची जागा न घेणारी स्वयंसेवा या हिशेबाबाहेर राहते. तिच्यात प्रवासाचा आणि जेवणाचा प्रत्यक्ष झालेला खर्च पावती देऊन घेता येतो. दर आठवड्याला ठरावीक हातखर्च मात्र घेऊ नये, कारण तो मोबदला ठरू शकतो. काम सुरू करण्याआधी संस्थेकडून कामाचे स्वरूप लेखी घ्यावे आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला दाखवावे. एखाद्या उपाहारगृहाने ‘शिकायला मिळेल’ म्हणून फुकट राबवून घेतले, तर ती सेवा नव्हे, पिळवणूक आहे. मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांनाही व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीसाठी स्वयंसेवा करता येते, पण एकूण 30 दिवसांपुरतीच.

लहान मुले, आजारी किंवा परावलंबी माणसे यांच्यासोबतच्या कामाला इंग्लंड-वेल्समध्ये डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी, लागते. स्वयंसेवकाकडून सरकार तिचे शुल्क घेत नाही. आपल्याकडचे अर्ज दोन गोष्टींवर अडकतात. पहिली, मागील 5 वर्षांचे सगळे पत्ते, मध्ये खंड न पडता, हवे असतात. पुण्यातले वसतिगृह, बंगळुरूतली भाड्याची खोली हे सारे तारखांसह लिहून न्यावे. दुसरी, आजवर वापरलेली सगळी नावे द्यावी लागतात. लग्नानंतर आडनावासह मधले नाव, कधी पहिलेही बदललेले असते, तेव्हा माहेरचे पूर्ण नाव लिहायलाच हवे. भारतातील नोंदी डीबीएसमध्ये दिसत नसल्याने काही संस्था भारताचे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागतात. निघण्यापूर्वी ते पासपोर्ट कार्यालयातून काढून घेणे सोयीचे.

अन्नदानाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपला उत्साह तिथेच सर्वाधिक असतो. फूड बँका साधारणपणे घरी शिजवलेले अन्न घेत नाहीत. त्यांना डबाबंद कडधान्ये, भाज्या व फळे, टिकाऊ दूध, तांदूळ, पास्ता, चहा अशा मुदत शिल्लक असलेल्या, सीलबंद वस्तू हव्या असतात. ओपनर न लागणारे, कडी ओढून उघडणारे डबे द्यावेत. अनेक घरांत पुरेशी साधने नसतात. गणेशोत्सवात किंवा संक्रांतीला मंडळाने सर्वांसाठी जेवण ठेवले, तर ॲलर्जीचा विचार आधी करावा. ब्रिटिश नियमांत 14 ॲलर्जीकारक घटकांची यादी आहे. त्यात शेंगदाणे, तीळ आणि मोहरी तिन्ही आहेत. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, तिळगूळ आणि आपली साधी फोडणीसुद्धा त्या यादीत बसते. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, म्हणून ‘गहू नाही’ असे सांगण्याआधी हिंगाची डबी वाचावी. प्रत्येक पातेल्यासमोर घटकांची चिठ्ठी लावावी आणि शेंगदाण्याच्या पदार्थाचा डाव दुसऱ्या पातेल्यात जाऊ देऊ नये. गरम अन्न 63 अंश सेल्सियसच्या वर ठेवावे. मसालेभात आदल्या रात्री करून तसाच बाहेर ठेवणे सर्वांत घातक, कारण भातातले काही जिवाणू शिजल्यावरही बीजाणूरूपाने उरतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. असे जेवण वरचेवर द्यायचे असेल, तर स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी लागते का, हे आधी विचारावे. आणखी एक गोष्ट अडचणीतल्या मुलांना जरूर सांगावी: व्हिसावर सरकारी मदत घेण्यास मनाई असली, तरी चॅरिटीच्या फूड बँकेचे अन्न त्या मनाईत येत नाही.

पैसे देताना ‘गिफ्ट एड’चा चौकोन दिसतो. तिथे खूण केली की संस्थेला प्रत्येक पौंडामागे सरकारकडून 25 पेन्स जास्त मिळतात. ही रक्कम दात्याने भरलेल्या करातून येते. वर्षाला 12,570 पौंडांच्या आत कमावणारा, कर न भरणारा विद्यार्थी खूण करून बसला, तर ती रक्कम कर खाते त्याच्याकडून मागू शकते. 40 टक्के कर भरणाऱ्याने मात्र खूण करावी आणि पुढचा दावाही करावा. 100 पौंड दिल्यास संस्थेला 125 मिळतात आणि दात्याला 25 पौंड परत मागता येतात. अनेक जण ते मागतच नाहीत.

महाराष्ट्रातल्या संस्थेला तिथून पैसे पाठवायचे, तर पासपोर्ट कोणता हे महत्त्वाचे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी ‘विदेशी अंशदान’ ठरत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतले की, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला भारत सरकार देते ते) असले तरी, तीच देणगी विदेशी ठरते. मग संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखालची, नोंदणी हवी आणि रक्कम तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील एफसीआरए खात्यातच जायला हवी. तिथल्या मंडळाने वर्गणी जमवून पाठवली, तर दाते भारतीय असले तरी पाठवणारी संस्था परदेशी असते, म्हणून ती देणगीही विदेशीच ठरते. नागरिकत्व बदलल्यावर भारतातील खात्यातून दरमहा आपोआप जाणारी देणगी तशीच चालू राहते आणि कारवाई गावातल्या त्या लहान संस्थेवर येऊ शकते. म्हणून नागरिकत्व मिळताच बँकेची ती सूचना थांबवावी आणि संस्थेला तसे लेखी कळवावे.

आपला,
एक वाचक, लंडन